रंगाची सुई

मला बघायला आले तेव्हा सासूबाईंनी पोह्यांना हात लावला नाही. पिशवीतून रेशमाच्या पाच लडी काढल्या, आमच्या टीपॉयवर ओळीनं मांडल्या आणि म्हणाल्या, "यातली एक वेगळी आहे. सांग बरं कोणती."

पाचही डाळिंबी. मावशी म्हणाली, सगळ्या सारख्याच तर आहेत. अण्णा, म्हणजे माझे वडील, नुसतेच हसले. त्यांना पाचही मातकट दिसत होत्या हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "एक नाही, दोन वेगळ्या आहेत. ही, आणि ती कडेची. आणि त्या दोघीही एकमेकींसारख्या नाहीत."

सासूबाई लडी घेऊन खिडकीशी गेल्या. बराच वेळ उलटसुलट करून पाहिल्या. परत येऊन म्हणाल्या, "दुसरी मला दिसलीच नव्हती." मग पोहे घेतले.

येवल्यात त्यांचे पैठणीचे माग आहेत. सुयोग, माझा नवरा, विक्री बघतो. रंगाचं सगळं आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, हातात. त्या घरात सून आणतात ती नजर पाहून, हे तीन पिढ्या चालत आलंय. स्वयंपाक येतोय का, गाणं म्हणते का, कुणी विचारत नाही. मला तेव्हा ते फार आवडलं होतं. बी.एस्सी. झालेली मुलगी, रंगरूपाऐवजी नजरेवर निवडली गेले म्हणून मिरवायचे मी.

आता निहार साडेचार वर्षांचा आहे आणि मी दमलेली आहे.

घरात रंग जुळवायचं यंत्र आहे. लडीवर टेकवलं की छटेचा आकडा सांगतं. पण ते सगळ्या जगाच्या सरासरी डोळ्याप्रमाणे बनवलेलं, त्यामुळे त्याला ज्या लडी सारख्या वाटतात त्या मला वाटत नाहीत. मग रोज सकाळी आई लडी घेऊन येतात. "हर्षदा, कोणती वेगळी?" मी सांगते. ती बाजूला पडते. आमच्या काठात कुठेही जोड दिसत नाही अशी ख्याती आहे. संध्याकाळपर्यंत माझे डोळे चुरचुरतात, आणि मिटले तरी मागे छटा चालूच राहतात.

ही नजर लडींपाशी थांबत नाही. निहारच्या गालावर ताप चढायच्या आधी एक रंग येतो, तो मला दिसतो. मग मी थर्मामीटर लावत बसते आणि सुयोग म्हणतो, काही नाहीये त्याला. दुपारपर्यंत ताप येतो. किंवा येत नाही, आणि मी उगाच दिवसभर त्याच्या मागे असते.

त्याच्याच बाबतीत एक गोष्ट मात्र मला उशिरा दिसली.

आई पदरातले राघू विणत होत्या. निहारला म्हणाल्या, "सोन्या, चोचीसाठी लाल तिल्ली दे रे." तिल्ली म्हणजे रेशीम गुंडाळलेली बारीक काडी. त्यानं हिरवी दिली. आई हसल्या. "ही अंगाची झाली, चोचीची दे." त्यानं ती ठेवली, नीट बघून दुसरी उचलली. तीही हिरवी. आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे.

पुढच्याच आठवड्यात शाळाप्रवेशाची तपासणी होती. टॅबवर लाल-हिरवे फुगे, लाल तेवढे फोड म्हणायचं. निहारनं सगळे फोडले. नर्सनं शांतपणे नाव लिहून घेतलं आणि म्हणाली, "काही नाही ताई, रंगाची सुई करून घ्या. आजकाल सगळेच करतात."

सगळेच करतात हे खरं. सुई, म्हणजे डोळ्यात द्यायचं ते इंजेक्शन, येऊन बरीच वर्षं झाली. त्यानंतर रंग न कळणारं कुणी असेल हे लोक विसरूनच गेले. एसटीच्या पाट्यांवर गावाचं नाव असायचं, आता नुसते रंगपट्टे. म्हणे लांबून पटकन कळतात. शाळेत वर्गाचं दार रंगावर, दवाखान्यातली रांग रंगावर. अण्णा स्टँडवर उभे राहून पोरांना विचारतात, ही कोपरगाव का रे? पोरांना वाटतं म्हातारा निरक्षर आहे. अण्णांनी आयुष्यभर भूगोल शिकवलाय.

नाशिकला डॉ. तांबोळींकडे गेलो तेव्हा आई बरोबर आल्या. डॉक्टर माझ्याच वयाच्या, टेबलावर लेकीचा फोटो. निहारला खेळायला दिलं आणि आम्हाला समजावू लागल्या. मला अर्ध्याहून अधिक माहीत होतं. कॉलेजात आम्ही असले तक्ते काढून वह्या भरल्यात. पण ते वाटाण्याचे असायचे.

रंग ओळखणाऱ्या पेशी तीन जातींच्या: निळ्याच्या, हिरव्याच्या आणि लालच्या. लाल आणि हिरव्याच्या पेशी कशा बनवायच्या ते लिहिलेलं असतं एक्स गुणसूत्रावर, शेजारी-शेजारी. मुलाला एक्स एकच मिळतो आणि तो आईकडून; वडील त्याला वाय देतात. आईकडे मात्र दोन एक्स, एक तिच्या आईचा, एक तिच्या वडिलांचा. मुलाच्या वाट्याला कुठला येईल ते चिठ्ठी टाकल्यासारखं.

"यांच्या वडिलांच्या एक्सवर," डॉक्टर माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "हिरव्याच्या जागी लालचाच एक भाऊ येऊन बसलाय. लालपेक्षा थोडासाच वेगळा. त्यामुळे लाल आणि हिरवं जवळपास एकच दिसतं. निहारकडे तोच एक्स आलाय."

"आमच्या घराण्यात असं कुणी नाही," आई म्हणाल्या.

"नसेल. हे आजोबांकडून आलं. आईच्या मार्फत."

आई माझ्याकडे न बघता पुटपुटल्या, "माहेरून काय काय आणलंस गं."

डॉक्टरांनी ऐकलं असावं. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही रंगाचं काम करता ना? जरा या यंत्रावर बसता?"

बसले. बराच वेळ दिव्यांच्या जोड्या दाखवल्या, सारखे की वेगळे. डॉक्टर आधी खुर्चीत होत्या, मग उठून माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्याकडे चार आहेत," त्या म्हणाल्या.

मग पुन्हा समजावणं. बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एक मिटलेला असतो. कुठल्या पेशीत कुठला, ते पोटात असतानाच ठरतं. म्हणून माझ्या डोळ्याच्या पडद्यावर कुठे माझ्या आईचा हिरवा जागा आहे, कुठे अण्णांचा तो लालचा भाऊ. आईंना कळेना तेव्हा मी म्हटलं, "धूपछाव विणतो ना आपण आई. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. तसं." असा चौथा प्रकार पुष्कळ बायकांकडे असतो, पण बहुतेकींचा मेंदू त्याचा उपयोग करत नाही. माझा करतो. लहानपणापासून बिचारा तेच करत आलाय.

आई हळूहळू म्हणाल्या, "म्हणजे मी जी नजर बघून हिला आणली..."

"ती आणि नातवाचं हे, एकच गोष्ट आहे," डॉक्टर म्हणाल्या. "लेकीकडे गेली की नजर. लेकाकडे गेली की हे."

 मला बरं वाटायला हवं होतं. पण मी सुईचा विचार करत होते.

"डॉक्टर, सुईनं तुम्ही काय घालता?"

"हिरव्याची कृती. एक निरुपद्रवी विषाणू ती डोळ्यात नेऊन पोचवतो. पाच वर्षांच्या आत केलं तर मेंदू नवा रंग शिकतो. नंतर अवघड."

"आणि तो लालचा भाऊ?"

"तो राहतो. घालता येतं, काढता येत नाही अजून."

मी बोटं मोजली नाहीत, पण मनात मोजलं. निळा, लाल, लालचा भाऊ. त्यात हिरवा.

"म्हणजे चार," मी म्हटलं.

"हो," त्या हसल्या. "तुमच्यासारखा होईल. शक्यता बरीच आहे."

"आधीच्या मुलांचं काय झालं?"

"ती म्हणतात छान दिसतं. ताडून कुणाशी बघणार? तुमच्यासारखी आई मला पहिल्यांदाच भेटतेय."

आईंचा चेहरा उजळला. "हिच्यासारखी नजर? पोराला? मग विचारताय काय, करून टाका."

परतताना पार विंचूर येईपर्यंत आई गाडीत निहारच्या केसांवरून हात फिरवत होत्या. पुढची पन्नास वर्षं मागांची काळजी मिटली होती. सुई शाळा सुरू व्हायच्या आत, मेच्या शेवटी ठरली.

सुयोगला सांगितलं तर तो म्हणाला, "चांगलंच आहे की. दोष जाऊन वर बक्षीस."

"तुला माहितीय मला काय दिसतं?"

"रंग दिसतात जास्त."

"तुझ्या शर्टाची डावी बाही दुसऱ्या ठाणातली आहे. या भिंतीवर रंगाचे तीन डबे लागलेत आणि तिन्ही वेगवेगळे, कुठे कुठला संपला ते मी बोटानं दाखवीन. हॉटेलात जेवताना भाजीत कालची कुठली ते कळतं. परवा व्यापाऱ्याला माल तयार आहे म्हणून सांगितलंस तेव्हा तुझे कान कसे झाले होते ते सांगू?"

त्यानं कानाला हात लावला. "हे बरं नाही हं. नवऱ्याला काही झाकायला ठेव."

"झाकता येत नाही ना मला. तेच सांगतेय."

तो हसला, मीही हसले. पण त्याला सगळं नाही सांगितलं. एक भाग असा होता की तो मला स्वतःलाही कबूल करायचा नव्हता. सुई झाली असती तर मला कुणीतरी मिळालं असतं. मी आजवर एकटीनं बघत आलेय. फुलपुडीतली अबोली उलगडते तेव्हा तिच्यात जे काय काय असतं, ते दाखवावं असं माणूस मला भेटलेलं नाही. पोटचं पोर शेजारी बसून म्हणालं असतं, हो आई, मलापण दिसतंय. यासाठी मी पुष्कळ काही केलं असतं.

आणि मग तोच माझा मुलगा रोज संध्याकाळी डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडला असता.

सुईच्या आधी निहारला घेऊन थोडे दिवस माहेरी, संगमनेरला गेले. अण्णा एकटेच राहतात, गावाबाहेर, माळाच्या कडेला. उन्हं उतरल्यावर निहारला घेऊन ते फिरायला निघाले, मी मागे. खडकाळ माळ, वाळलेलं गवत, मुरूम. माझ्या डोळ्यांना असली जमीन फार बोलते. एक दगड जांभळट, एक गंजका, एक आतून हिरवा, एक भाजलेल्या वांग्यासारखा. मी सहसा अशा ठिकाणी लांब बघते.

"थांब," अण्णा म्हणाले. त्याच क्षणी निहारही म्हणाला, "आई, थांब."

मी एक पाय उचललेला तसाच ठेवून उभी राहिले.

"काय आहे?"

"अंडी," निहार म्हणाला.

"कुठे?"

"अगं तुझ्या पायाखाली येतील. टिटवीची आहेत." अण्णांनी काठीनं दाखवलं. मला दिसेनात. दगड, दगड, मुरूम, दगड. हजार रंग, आणि त्यात अंडं कुठे आहे ते काही केल्या कळेना. निहारनं खाली बसून बोट अगदी जवळ नेलं तेव्हा ठिपके जुळून आले. चार अंडी, उघड्यावर.

वर टिटवी ओरडायला लागली. आम्ही मागे सरलो.

"तुला नाही दिसली?" अण्णांनी विचारलं. त्यांच्या आवाजात हसू मावत नव्हतं. "हर्षे, तुला? लडीवालीला?"

"नाही दिसली."

"आमच्याकडे रंगांचा गोंधळ कमी. त्यामुळे आकार दिसतो." ते निहारकडे वळले. "काय रे, कशी होती?"

"पिवळी. पण गवताच्या पिवळ्यासारखी नाही."

"नाही ना? मी आयुष्यभर सांगतोय. सगळे म्हणतात, सर, ते सगळं खाकीच." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नकाशावर हिरवं म्हणजे मैदान, तपकिरी म्हणजे डोंगर, हे मी पाठ करून शिकवलं. कुठलं हिरवं ते पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारायचो. आज पहिल्यांदा असं झालं की मी बोट दाखवलं आणि समोरच्याला तेच दिसलं."

 ते दोघं पुढे चालत होते, एकमेकांना गवताच्या छटा दाखवत. निहारनं तेवढ्या वेळात एकदाही मागे वळून मला "हा कुठला रंग" असं विचारलं नाही. घरी तो दिवसभर विचारतो. विचारताना त्याच्या कपाळाला आठी पडते.

घरी आल्यावर मी अण्णांना सगळं सांगितलं. चार पेशी, सुई, मेचा शेवट. त्यांनी ऐकून घेतलं.

"टोच सुई," ते म्हणाले.

"अण्णा."

"मला बस कळत नाही. परवा औषधांच्या रांगेत तासभर चुकीच्या पट्ट्यावर उभा होतो. मी म्हातारा आहे, निभावेन. त्याला नोकरी करायचीय, गाडी चालवायचीय. माझ्या करमणुकीसाठी पोराला असा ठेवू नकोस."

"आणि माझ्यासारखा झाला म्हणजे?"

"तू काय वाईट आहेस?"

"मी दमलेय, अण्णा."

 अण्णा म्हणाले, "ते मला दिसतं. त्याला चार पेशी लागत नाहीत."

परतीच्या बसमध्ये निहार खिडकीपाशी बसला. कोपरगावच्या पुढे सूर्य टेकला आणि लोकांनी फोन बाहेर काढले.

"सगळे फोटो का काढतायत?" त्यानं विचारलं.

"आकाशाला रंग आलाय म्हणून."

"कुठला?"

"लाल," मी सवयीनं म्हटलं. आणि मग, का कोण जाणे, "लाल नाही खरं तर."

"मग काय दिसतंय तुला?"

 इतकी वर्षं लोक मला विचारतात ते कोणती वेगळी, कुठे चुकलंय, कुठली लडी बाजूला काढू. हे कुणी विचारलं नव्हतं.

"खाली एक आहे," मी म्हटलं, "ताप आलेल्या कपाळासारखा. त्याच्यावर कांद्याच्या आतला पापुद्रा असतो ना, तसा. आणि दोघांच्या मधे एक आहे, त्याला नावच नाही."

"ठेव ना नाव."

"तू ठेव."

त्यानं विचार केला. "टिटू."

"बरं. टिटू. आता तो वर चाललाय. तुला काय दिसतंय?"

"डोंगर." त्यानं काचेवर बोट फिरवलं. "इथून इथपर्यंत. मग एक ढग, मग त्याच्यामागे अजून एक डोंगर लपलाय. तो पिवळाच आहे, पण मागचा पिवळा आहे."

मला मागचा डोंगर दिसत नव्हता. मी त्याच्या बोटामागून बघत राहिले. रंगांनी तो पार गिळला होता. अंधार पडत गेला तसा तो हळूहळू वर आला, अगदी त्यानं सांगितला तिथेच.

येवल्याचा स्टँड आला तेव्हा त्यानं पट्ट्याकडे बोट करून विचारलं नाही, मी सांगितलंही नाही. खाली उतरल्यावर मात्र मी त्याचा हात धरला. हा उद्या एकटा उतरेल तेव्हा? त्या काळजीला काही उत्तर नव्हतं, आजही नाही. पाट्यांवर अक्षरं परत आणा म्हणून मी अर्ज करू शकते, भांडू शकते, कुणी ऐकलं नाही तर त्याला पट्ट्यांचा क्रम पाठ करून देऊ शकते, जसं अण्णांनी नकाशे पाठ केले. हे सगळं दमवणारं आहे, पण ते माझं दमणं असेल. त्याच्या डोळ्यांत एकदा घातलेलं मला कुणी काढून देणार नव्हतं.

स्टँडवरूनच डॉ. तांबोळींना कळवलं, सुई नको. त्यांनी विचारलं, नक्की? पाच वर्षांनंतर उपयोग होणार नाही. मी म्हटलं, नक्की नाही, पण नको.

सकाळी आईंना सांगायचं होतं. अंगणात रंगवलेल्या लडी वाळत होत्या, आई त्यांच्यामधून फिरत होत्या. मी सांगितलं. त्यांनी हातातली लडी झटकली, दोरीवर परत घातली.

"सुयोगला विचारलंस?"

"काल रात्री बोललो. तो म्हणाला, तू आईला सांग."

"शहाणा आहे. मग या मागांचं पुढे काय? मला हल्ली सकाळचंसुद्धा धूसर दिसतं. मी कुणाला सांगत नाही."

"मला माहितीय. तुमच्या डोळ्यांचा रंग बदललाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग आला असेल असं वाटलं, पण चेहऱ्यावर रागाचा रंग नव्हता.

"सुई डोळ्यात जाते, आई. बीजात नाही. केली असती तरी आणि नाही केली तरी, निहारचा एक्स तोच राहणार. मुलगा झाला त्याला तर तो मिळणार नाही. मुलगी झाली तर मिळणारच."

"नक्की?"

"नक्की. बापाकडे एकच असतो द्यायला."

त्या मनात काहीतरी मांडू लागल्या. मला वाटलं, आता म्हणतील, चला, म्हणजे घरातच आली नजर, बाहेर शोधायला नको. ओठांवर आलंही असावं. निहार ओसरीवर तिल्ल्या मांडत बसला होता, लांबीप्रमाणे, अगदी सरळ रेषेत.

"ती दमेल का गं?" त्यांनी विचारलं. "तुझ्यासारखी?"

"दमेल."

आईंच्या काखेत दोन आमसुली लडी होत्या, मोठ्या ऑर्डरच्या, मला दाखवायला आणलेल्या. त्यांनी त्या एकदा माझ्यापुढे धरल्या. मग परत घेतल्या, फडक्यात गुंडाळल्या.

"राहू दे आज," म्हणाल्या. "उद्या बघू."